व्हॉलीबॉलवर उदरनिर्वाह : कै. जिमी जॉर्ज यांचें चरित्र

गतवर्षीं जून महिन्यांत, शाळा उघडून आठच दिवस झाले असतील, एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन मजकडे आले. मुलगा इयत्ता नववीचा. हाडापेरानें मजबूत, उंचीनें बापाच्या वर गेलेला, आणि आमच्या शाळेच्या व्हॉलीबॉल-संघांत जाळ्यापाशीं उभा राहणारा. गृहस्थांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : "मास्तर, ह्याला संघांतून काढा. हुतुतू म्हणा, व्हॉलीबॉल म्हणा, खेळ हा चार घटकांची करमणूक. चेंडूला थापट्या मारून कोणाच्या घरची चूल पेटल्याचें मीं तरी ऐकिलेलें नाहीं." मुलगा मान खालीं घालून पायाच्या अंगठ्यानें फरशी उकरीत उभा होता. मीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. "विचार करून सांगतों," एवढेंच म्हणालों. खरें सांगावयाचें तर मजजवळ उत्तर नव्हतें. मी गणित व शास्त्र शिकवितों; खेळाचा तास मजकडे आला आहे तो बहुधा माझ्या उंच आवाजामुळें.

परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. ह्या खेळावर ज्याची चूल खरोखरच पेटली असा कोणी मनुष्य आपल्या देशांत झाला आहे काय? झाला आहे. केरळचे कै. जिमी जॉर्ज हे भारताचे पहिले धंदेवाईक व्हॉलीबॉलपटू मानले जातात. त्यांच्याविषयीं जें निश्चितपणें सांगतां येईल तें विद्यार्थ्यांपुढें, आणि विद्यार्थ्यांहूनही अधिक त्यांच्या आईबापांपुढें, मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. व्हॉलीबॉल हा मूळचा राजदरबारचा नव्हे कीं रणांगणाचाही नव्हे. 1895 सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत होल्योक ह्या गांवीं, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या व्यायामशाळेंत विल्यम मॉर्गन नांवाचे शिक्षक होते. त्यांच्याकडे सायंकाळीं व्यायामास येणारे कांहीं व्यापारी मध्यम वयाचे होते. चारच वर्षांपूर्वीं जवळच्या स्प्रिंगफील्ड येथें निघालेला बास्केटबॉल त्यांना झेपेना. धांवतां धांवतां दम लागे, आणि अंगावर अंग आदळे. तेव्हां मॉर्गन ह्यांनीं मध्यें जाळें बांधलें आणि दोन पक्ष एकमेकांपासून वेगळे केले. त्यांनीं खेळाचें नांव 'मिन्टोनेट' ठेविलें होतें. पुढील वर्षीं स्प्रिंगफील्ड येथें खेळ करून दाखविला, तेव्हां चेंडू जमिनीवर न पडतां हवेंतल्या हवेंत परतविला जातो हें पाहून एका प्रेक्षकानें 'व्हॉलीबॉल' हें नांव सुचविलें आणि तेंच रूढ झालें. पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांसाठीं निघालेला खेळ पुढें मनुष्याच्या उडीची परीक्षा पाहणारा व्हावा, ही गंमतच म्हणावयाची. भारतांत तो आला तो ह्याच संस्थेच्या द्वारें. 1920 सालीं हॅरी क्रो बक ह्यांनीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. तेथून शिकून निघालेले शिक्षक गांवोगांव गेले, आणि त्यांच्याबरोबर जाळें व चेंडूही गेला.

ह्या खेळाला खर्च कमी. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद जागा, दोन खांब, एक जाळें आणि एक चेंडू. पुरुषांसाठीं जाळ्याची वरची कड जमिनीपासून 2.43 मीटर उंच असते, म्हणजे आठ फुटांस सुमारें तृतीयांश इंच कमी. एका बाजूस सहा गडी. चेंडू आपल्या बाजूस आल्यावर तीन स्पर्शांच्या आंत तो पलीकडे गेला पाहिजे. पहिल्या स्पर्शानें चेंडू सांवरावयाचा, दुसऱ्यानें तो जाळ्याजवळ उंच उचलून द्यावयाचा, आणि तिसऱ्यानें कोणी उडी घेऊन तो खालीं हाणावयाचा. हा शेवटचा तडाखा मारणारा गडी सर्वांच्या दृष्टीस पडतो. जिमी जॉर्ज हे असे तडाखा मारणारे होते.

केरळच्या उत्तर भागांत, कण्णूर जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं पेरावूर नांवाचें गांव आहे. आपल्याकडे जो सह्याद्रि कोंकण व देश ह्यांच्या मध्यें उभा आहे, तोच दक्षिणेस पसरत तेथवर जातो. तेव्हां हा मुलूख आपल्याला अगदींच परका समजूं नये. ह्या पेरावूर गांवीं 8 मार्च 1955 रोजीं जिमी ह्यांचा जन्म झाला. वडिलांचें नांव जॉर्ज जोसेफ, आईचें मेरी. दहा मुलांचें कुटुंब. त्यांत आठ मुलगे, आणि जिमी मुलग्यांपैकीं दुसरे. वडील स्वतः विद्यापीठाच्या संघांतून व्हॉलीबॉल खेळलेले होते, आणि मुलांचे पहिले गुरु तेच झाले. संघांत गडी सहा लागतात. ह्या घरांत सहा पुरे होऊन दोन राखीव उरत! ही अतिशयोक्ति नव्हे. आठही भावांचा संघ एकदां खरोखरच एका खुल्या सामन्यांत उतरला होता. थोरले बंधु जोस हेही भारताच्या संघांतून खेळले आणि पुढें पोलिस खात्यांत मोठ्या हुद्द्यास चढले.

गांवच्या शाळेंतून जिमी पुढें आले. 1971 सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, केरळ राज्याच्या संघांत त्यांची निवड झाली. सोळावें वर्ष म्हणजे आपल्या मॅट्रिकच्या वर्गांतील मुलाचें वय. नंतर ते कालिकत विद्यापीठाच्या संघांतून 1973 ते 1976 पर्यंत खेळले. ते पोहण्यांतही तरबेज होते. 1974 सालीं तेहरान येथें आशियाई स्पर्धा भरल्या, त्या वेळीं एकोणीस वर्षांचा हा मुलगा भारताच्या संघांत होता.

येथें मला जरा थांबावयाचें आहे; कारण ज्या गृहस्थांविषयीं मीं आरंभीं लिहिलें त्यांच्या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे. जिमी अभ्यासांत मागें पडलेले होते व म्हणून खेळाकडे वळले, असा कोणाचा समज असल्यास तो साफ चुकीचा आहे. ते वैद्यकीय शिक्षण घेत होते. डॉक्टर होण्याची वाट त्यांच्यापुढें मोकळी होती, आणि ती वाट त्यांनीं खेळासाठीं सोडली. आपल्याकडे असो कीं केरळांत असो, डॉक्टरकी हातांतून जाऊं देणें म्हणजे काय हें आईबापांस सांगावयास नको. घरांत एक डॉक्टर झाला कीं पुढील पिढीची काळजी मिटली, असा आपला हिशेब. आणि तो हिशेब खोटा आहे असेंही मी म्हणणार नाहीं. डॉक्टरचा हात साठाव्या वर्षींही चालतो. व्हॉलीबॉलपटूचा गुडघा बहुधा पस्तिशीच्या आंतच जाब विचारूं लागतो.

मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्यांनीं वाट सोडली ती दुसरीकडे पाय ठेवावयास जागा पाहून. 1976 सालीं ते केरळ पोलिस खात्यांत दाखल झाले. आपल्या देशांत खेळाडूच्या पोटाची सोय दीर्घकाळ अशाच रीतीनें होत आली आहे : पोलिस, रेल्वे, सैन्य, बँका अशीं मोठीं खातीं खेळाडूंना नोकरी देतात, खातें त्यांच्याकडून सामने खेळवून घेतें, आणि शरीर थकल्यावरही पगार चालूं राहतो. ह्याला पुरतें हौशी म्हणतां येत नाहीं, धंदेवाईकही म्हणतां येत नाहीं. दोहोंच्या मधली ही वाट आहे. जिमी हे मृत्यूपर्यंत केरळ पोलिसांच्या संघाचेच राहिले. त्याच 1976 सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांना भारत सरकारचें अर्जुन पारितोषिक मिळालें. त्याच्या आदल्या वर्षीं केरळचें जी. व्ही. राजा पारितोषिक मिळालेलें होतें.

पाहणारे लोक सांगत कीं जिमी हवेंत थांबत असत. उडी घेतली, वर गेले, आणि पलीकडच्या गड्यांचे हात वर येऊन खालीं जाईपर्यंत हे तेथेंच! मग चेंडू हाणीत. आतां शास्त्राचा शिक्षक ह्या नात्यानें मला हें सोडवत नाहीं. हवेंत कोणीही थांबूं शकत नाहीं. पृथ्वीचें आकर्षण अर्जुन पारितोषिकाला ओळखीत नाहीं. मग लोकांना दिसलें तें काय? समजा, एक मनुष्य एक मीटर उंच उडाला. वर जाण्यास त्याला सुमारें 0.45 सेकंद लागतात आणि खालीं येण्यास तितकेच, एकूण 0.9 सेकंद. ह्यांपैकीं उडीचा जो सर्वांत वरचा चौथा भाग, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, त्यांत तो किती वेळ असतो? दहावीच्या मुलांनीं सूत्र घालून पहावें : उत्तर बरोबर निम्मा वेळ, म्हणजे 0.45 सेकंद असें येतें. वर पोंचतां पोंचतां गति मंद होते, शिखराशीं शून्य होते, आणि पुनः हळूहळू वाढते. म्हणून चांगली उडी मारणारा प्रत्येकजण शिखराजवळ क्षणभर रेंगाळल्यासारखा भासतो. खरी करामत त्या निम्म्या वेळाचा उपयोग करण्यांत आहे. नवशिका वर जातां जातांच घाईनें चेंडू मारतो. कसलेला गडी त्या अर्ध्या सेकंदापेक्षांही कमी अवधींत पलीकडच्या हातांची भिंत कोठें फटली आहे तें पाहतो आणि मग मारतो. त्यासाठीं पावलांचा अदमास इतका पक्का बसलेला असावा लागतो कीं डोळ्यांना दुसऱ्या कामासाठीं मोकळीक मिळावी. हें कोणत्याही ईश्वरदत्त देणगीनें एका दिवसांत येत नाहीं.

1978 सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत ते पुनः भारताकडून खेळले. पुढील वर्षीं त्यांच्या आयुष्यांतील दुसरा मोठा पालट झाला. 1979 ते 1982 पर्यंत ते अबू धाबी स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. त्या काळीं केरळांतून हजारों माणसें पोटासाठीं आखाती देशांत जात होतीं; कोणी गवंडी, कोणी कारकून, कोणी परिचारिका. त्याच वाटेनें हाही गेला, परंतु ह्याच्या हातीं हत्यार म्हणून चेंडू होता. दिवसभर उन्हांत राबलेले आपले देशबांधव सायंकाळीं त्याचा खेळ पहावयास येत असतील तेव्हां त्यांना काय वाटत असेल, ह्याची कल्पना ज्यांचे भाऊबंद तिकडे आहेत त्यांनीं करावी.

तेथून 1982 मध्यें ते इटलीस गेले आणि ट्रेव्हिझो येथील संघांत दाखल झाले. हें जाणें किती मोठें होतें हें समजण्यास इटलीची त्या वेळची स्थिति ठाऊक पाहिजे. 1978 सालीं रोम येथें जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली, तींत यजमान इटलीनें दुसरा क्रमांक मिळविला आणि तेथें ह्या खेळाचें वेड पसरलें. 1984 च्या लॉस एंजल्सच्या ऑलिम्पिकमध्यें त्यांना कांस्यपदक मिळालें. लहान लहान शहरांचे संघ, त्यांच्यामागें कारखानदारांचा पैसा, आणि संघाच्या नांवांत त्या कारखान्याचेंही नांव, अशी तेथील पद्धत. खेळाचा हंगाम शरदांत सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. परदेशी गडी संघांत मोजकेच घेतां येत. म्हणून जो घेतला जाई त्याच्याकडून अपेक्षाही चौपट असे. अशा ठिकाणीं, जेथें भारताचें नांव व्हॉलीबॉलच्या संबंधांत कोणी क्वचितच घेत असेल, तेथें हा पेरावूरचा मनुष्य उभा राहिला, आणि जगांतील उत्तम तडाखेबाजांत त्याची गणना होऊं लागली.

'धंदेवाईक' ह्या शब्दाचा अर्थ आतां पालकांच्या दृष्टीनें पाहूं. करार एका-दोन हंगामांचा असतो. हंगामांत आठवडाभर कसून सराव आणि मग सामना. निम्मे सामने परगांवीं. दुखापत झाली तर पुढील करार होईलच असें नाहीं. जेवण निराळें, भाषा निराळी, हिवाळा असा कीं आपल्या माणसानें तो कधीं पाहिलेला नसावा. घरीं लग्न असो, मयत असो, सामना सोडून येतां येत नाहीं. नोकरींत मनुष्य एखादे दिवशीं मन लागत नाहीं म्हणून काम रेटून नेतो व तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. येथें हजारों डोळे त्याच दिवशीं पाहत असतात. पैसा मिळतो, तो ह्या सर्वांच्या मोबदल्यांत.

तथापि देश त्यांनीं सोडला नाहीं. 1985 मध्यें ते भारताच्या संघाचे कप्तान होते. 1986 सालीं सेऊल येथें आशियाई स्पर्धा भरल्या, त्यांत भारताच्या पुरुषांनीं व्हॉलीबॉलचें कांस्यपदक मिळविलें. चीन पहिला, यजमान दक्षिण कोरिया दुसरा, भारत तिसरा, आणि ज्या जपाननें 1972 सालीं ह्याच खेळांत ऑलिम्पिकचें सुवर्णपदक घेतलें होतें तो चौथा. आशियाई स्पर्धांत भारतीय पुरुषांस ह्यापूर्वीं 1962 मध्यें जकार्ता येथें रौप्यपदक मिळालें होतें. म्हणजे मध्यें चोवीस वर्षें गेलीं. आणि 1986 नंतर 2023 च्या हांगझौ स्पर्धांपर्यंत तें पुनः मिळालेलें नाहीं. एका मनुष्यानें पदक मिळत नाहीं, संघानें मिळतें, हें खरें. परंतु इटलीच्या मैदानांवर आठवड्यामागून आठवडे जगांतील उत्तम गड्यांशीं झुंजलेला एक मनुष्य संघांत असला म्हणजे इतर पांच जणांचीही छाती रुंद होते, हें ज्यानें शाळेचा संघ जरी चालविला असेल त्यास पटेल.

सेऊलनंतर ते पुनः इटलींत खेळूं लागले. उत्तर इटलींत ब्रेश्या प्रांतांत मोंतिकियारी नांवाचें लहानसें शहर आहे, तेथील संघाकडून ते खेळत. वय बत्तीस झालें होतें. लग्न झालेलें होतें, आणि घरीं पहिल्या अपत्याची वाट पाहणें चालूं होतें. खेळाडूच्या दृष्टीनें उतार जवळ आलेला, पण अजून लागलेला नव्हे. 30 नोव्हेंबर 1987 रोजीं इटलींत मोटारीचा अपघात होऊन त्यांचा अंत झाला. त्यांचा पुत्र त्यांच्या पश्चात् जन्मला. बापानें त्याचें मुख पाहिलें नाहीं.

ह्या ठिकाणीं मीं पुष्कळ वेळ लेखणी खालीं ठेविली होती. अपघाताचा आणि खेळाचा कार्यकारण-संबंध नाहीं. मोटार डॉक्टरच्याही नशिबीं येते. तरी ज्या दूरदेशीं पोटाच्या व कीर्तीच्या मागें मनुष्य गेला तेथेंच तो राहिला, ही गोष्ट आई वाचील तेव्हां तिच्या पोटांत कालवाकालव होईल, आणि ती लपवून ठेवून चरित्र लिहिणें मला प्रामाणिकपणाचें वाटलें नाहीं.

मागें काय राहिलें? तिरुवनंतपुरम् येथील मोठ्या बंदिस्त क्रीडागृहास जिमी जॉर्ज ह्यांचें नांव आहे. 1989 पासून त्यांच्या नांवाच्या प्रतिष्ठानातर्फें केरळच्या उत्तम खेळाडूस दरसाल पारितोषिक दिलें जातें. सर्वांत धाकटे बंधु रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे पुढें शिक्षक-मार्गदर्शक झाले, आणि त्यांच्या पत्नी अंजू बॉबी जॉर्ज ह्यांनीं 2003 सालीं पॅरिस येथील जागतिक स्पर्धेंत लांब उडींत कांस्यपदक मिळविलें. ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेंत पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय. उडीचें हें घराणें म्हणावयाचें! आणि मोंतिकियारी शहरांत जें मोठें क्रीडागृह आहे त्याचें नांव 'पालाजॉर्ज'. इटालियन भाषेंत 'पाला' म्हणजे क्रीडामंदिर. परदेशांत जाऊन लोक पुतळे पाहून येतात. तेथील एका गांवानें आपल्या मनुष्याचें नांव इमारतीस देऊन तें रोजच्या बोलण्यांत आणिलें आहे, ही गोष्ट मला पुतळ्याहून मोठी वाटते.

आपल्याकडेही स्थिति जिमी ह्यांच्या काळाहून पालटली आहे. 2022 पासून भारतांत प्राइम व्हॉलीबॉल लीग नांवाची धंदेवाईक संघांची स्पर्धा सुरू झाली, आणि 2023 पासून तींत मुंबईचाही संघ आहे. तेव्हां इटलीस गेल्यावांचून ह्या खेळांत पैसा नाहीं, असें आतां म्हणतां येत नाहीं. अर्थात् त्या संघांत शिरणारे किती आणि दारांतून परतणारे किती, ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

डिसेंबरांत पालकांच्या सभेच्या दिवशीं ते गृहस्थ पुनः आले, तेव्हां मीं त्यांना बसवून हें सर्व सांगितलें. डॉक्टरकी सोडल्याचें सांगितलें तेव्हां त्यांनीं कपाळावर हात मारला. अपघाताचें सांगितलें तेव्हां बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं त्यांनीं एकच प्रश्न विचारिला : "पोलिसांतली नोकरी होती म्हणतां ना?" मी म्हणालों, "होती, शेवटपर्यंत होती." "मग असें करूं," ते म्हणाले, "वार्षिक परीक्षेंत गणितांत साठ गुण आणूं दे त्याला. मग मी कांहीं बोलणार नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां मैदानावर गेलों तों जाळें बांधून झालें होतें. मुलगा खांबाशीं टेकून उभा होता आणि त्याच्या काखेंत बीजगणिताचें पुस्तक होतें.